दिवे लागल्यानंतरचा अर्धा तास

(पुण्यातल्या एका चित्रपट मंडळाच्या नव्या हंगामाआधी झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मला बोलावलं ते येत्या चार महिन्यांच्या कार्यक्रमाची ओळख करून द्यायला. कार्यकर्त्यांनी पंधरा दिवस आधीच पत्रिका पाठवली, म्हणाले, "सर, थोडं प्रत्येक सिनेमाबद्दल बोला, म्हणजे लोकांना उत्सुकता वाटेल." मी पत्रिका वाचली, दोनदा वाचली, आणि ठरवलं की ओळख नको, परीक्षण करू. सिनेमाचं परीक्षण होतं तसं कार्यक्रमपत्रिकेचंही व्हायला हवं. कुठला सिनेमा कुठल्या सिनेमाशेजारी ठेवला, कशाला किती वेळ दिला, काय गाळलं, ह्यातून मंडळाला काय वाटतं ते कळतं. पत्रिका ही मंडळाची समीक्षाच असते.

तर आधी पत्रिकेत काय आहे ते सांगतो. आठ शनिवार, आठ सिनेमे: 'पथेर पांचाली', 'बायसिकल थीव्ज', 'राशोमोन', 'जय भीम कॉमरेड', 'फँड्री', 'कोर्ट', 'स्थळ' आणि 'साबर बोंडं'. तीन कार्यशाळा: मोबाइलवर लघुपट, पटकथा, संकलन. सिनेमांच्या निवडीला नाव ठेवायला जागा नाही. डी सिकापासून रोहन कानवडेपर्यंत. ज्या मराठी सिनेमाला 2025 साली सनडान्सला परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, तो आपल्या गावात आपण सगळ्यांनी एकत्र बसून बघायचा, ही छान गोष्ट आहे.

पण पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ आहे. "वेळ सायंकाळी 6.30 ते 8.30. सिनेमानंतरची चर्चा व्हॉट्सॲप ग्रुपवर."

माझं आजचं सगळं बोलणं ह्या एका ओळीबद्दल आहे.

मी कारण विचारलं. उत्तर प्रामाणिक होतं. सभागृहाचं भाडं तासावर आहे. दोन तासांचा सिनेमा, दोन तासांचं भाडं. फक्त 'जय भीम कॉमरेड' मोठा आहे, त्याला तीन तास घेतलेत. म्हणजे सात दुणे चौदा आणि तीन, सतरा तास. चर्चेसाठी प्रत्येक वेळी आणखी एक तास घेतला तर पंचवीस तास होतात, तेवढी वर्गणी जमत नाही. आणि चर्चेला थांबतं कोण? पंधरा माणसं. त्यातली पाच समितीची. (हशा) हिशेब बरोबर आहे. मी स्वतः अनेक वर्षं मंडळाचे हिशेब लिहिलेत, मला हे आकडे परके नाहीत.

तरीही मी म्हणतो की खर्च कमी करताना आपण चुकीची गोष्ट कापली.

थोडं मागे जाऊ. कलकत्ता फिल्म सोसायटी 1947 साली सुरू झाली. सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता वगैरे मंडळी. 1952 साली आपल्याकडे पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला, तो मुंबईत सुरू झाला. 1959 साली फिल्म सोसायट्यांचा महासंघ झाला, राय त्याचे पहिले अध्यक्ष. 1964 साली इथे लॉ कॉलेज रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. 1968 साली मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. ह्या सगळ्या काळात सोसायटीचं पहिलं काम होतं सिनेमा मिळवणं. बाहेरचा सिनेमा बघायलाच मिळायचा नाही हो! पेटीतून रिळं यायची, रेल्वेनं यायची, वेळेवर आली तर नशीब. तेव्हा जी सोसायटी सिनेमा दाखवत होती ती दुर्मीळ वस्तू वाटत होती.

आज ती वस्तू दुर्मीळ नाही. ह्या यादीतले बरेचसे सिनेमे तुम्ही घरी बसून, चहा पीत, मध्येच थांबवून बघू शकता. मग मंडळ कशासाठी? मोठा पडदा? तो काहींच्या घरात आलाय. अंधार? दिवा बंद केला की झाला. घरी जे मिळत नाही ते एकच: तोच सिनेमा त्याच क्षणी बघितलेली दुसरी माणसं, आणि त्यांचं काय झालं ते त्यांच्या तोंडून ऐकण्याची सोय. पूर्वी सिनेमा दुर्मीळ होता आणि चर्चा फुकट होती. आता उलटं झालंय. जी गोष्ट दुर्मीळ झाली नेमकी तीच आपण भाडं वाचवायला काढून टाकली.

उदाहरण देतो, कारण नुसतं तत्त्व सांगून कुणाला पटत नाही.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री', 2013 चा. तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. जब्याच्या घरच्यांना गावातली डुकरं धरायचं काम मिळतं. शाळेजवळ पळापळ चाललेली असताना आत राष्ट्रगीत सुरू होतं, आणि हातातलं काम टाकून ही माणसं जागच्या जागी ताठ उभी राहतात. डुक्कर निसटतं. पुढे मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेताना ते शाळेच्या ज्या भिंतीपुढून जातात, तिच्यावर आंबेडकर आहेत, सावित्रीबाई आहेत, गाडगेबाबा आहेत. आणि शेवटी जब्या दगड उचलतो आणि फेकतो, तो थेट कॅमेऱ्याकडे येतो. काळोख.

आता मल्टिप्लेक्समध्ये ह्यानंतर काय होतं? बाजूचं दार उघडतं, सफाईवाले काळ्या पिशव्या घेऊन आत येतात, आपण खुर्चीखाली चप्पल शोधतो. दगड कुणालाच लागत नाही.

मी एका तालुक्याच्या गावी हा सिनेमा दाखवला होता. नंतर चर्चा. पहिली दहा मिनिटं नेहमीसारखी. एक जण म्हणाले, छायाचित्रण सुंदर आहे. दुसरे म्हणाले, मुलानं काम छान केलंय. तिसऱ्यानं काळ्या चिमणीचा प्रतीकार्थ सांगितला, बराच वेळ सांगितला. मी घड्याळ बघत होतो. मग मागच्या रांगेतले एक गृहस्थ उभे राहिले. सत्तरीचे असतील, निवृत्त शिक्षक वाटत होते. म्हणाले, "मला एकच सांगायचंय. डुकरं धरताना जी पोरं कडेला उभी राहून हसतात ना, मी त्यांच्यात होतो. आमच्या गावात. नाव पण आठवतं मला त्याचं." आणि खाली बसले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. मग ज्यांनी छायाचित्रणाबद्दल सांगितलं होतं ते हळूच म्हणाले, "कॅमेरासुद्धा बऱ्याचदा त्या हसणाऱ्यांच्या बाजूनंच बघतो, नाही का?" बघा, हे समीक्षेचं वाक्य आहे. चांगलं वाक्य आहे. शेवटचा दगड कॅमेऱ्यावर का येतो त्याचं उत्तर त्यात आहे. पण ते वाक्य विसाव्या मिनिटाला आलं, आणि आधी त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी स्वतःबद्दल सांगितलं म्हणून आलं.

ते गृहस्थ हे ग्रुपवर लिहितील? रात्री साडेदहाला, गुड नाइटच्या फुलांच्या मध्ये? मला नाही वाटत. ते बोलले, कारण समोर माणसं होती आणि अंधार नुकताच संपला होता.

आता मी चर्चेचं कौतुकच करतोय असं समजू नका. वाईट चर्चा मी भरपूर पाहिल्यात, त्यातली एक माझी स्वतःची आहे. सोळा मिलिमीटरचे दिवस. एक परदेशी सिनेमा आला होता, नाव सांगत नाही. संपल्यावर मी बोलायला उभा राहिलो आणि कथनाची सरळ रेषा दिग्दर्शकानं कशी मोडलीय, काळ पुढे-मागे कसा केलाय, ह्यावर चांगली पंधरा मिनिटं बोललो. लोकांनी माना डोलावल्या. दोघांनी वहीत लिहूनही घेतलं. नंतर प्रोजेक्टरवाला मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, माफ करा, दुसरं आणि तिसरं रीळ उलटसुलट लागलं." (हशा)

हसा, पण ह्यात दोष कुणाचा होता? मुलाचा नव्हे. माझाच. मध्येच मेलेला माणूस परत जेवायला बसला तेव्हा मलाही खटकलं होतं. पण मी ते म्हटलं नाही. मोठ्या दिग्दर्शकाचा सिनेमा आहे म्हणजे काहीतरी अर्थ असणार, असं धरून मी अर्थ लावत बसलो. आणि माना डोलावणाऱ्या शंभर माणसांतल्या एकालाही "मला हे कळलं नाही" असं म्हणायचं धाडस झालं नाही. तेव्हापासून मी चर्चेची एकच कसोटी मानतो: "मला कळलं नाही" असं म्हणायला इथे लाज वाटते का? वाटत असेल तर ती चर्चा नाही, ते दुसरं भाषण आहे.

ह्यावरून कार्यशाळांकडे येतो. तीन कार्यशाळा, तिन्ही सिनेमा करायच्या. बघायची एकही नाही. मला तरुण मुलांच्या हौसेला बोल लावायचा नाही. हातात कॅमेरा आलाय, करणारच, करावंच. पण दोन दिवसांत पटकथा शिकलेला मुलगा पुढच्या महिन्यात सिनेमा करतो, तो दाखवतो, आणि समोरचे पन्नास जण म्हणतात "भारी झालाय". त्याला खरं सांगेल असा प्रेक्षक आपण तयार केला नाही. स्वतंत्र सिनेमा करणाऱ्याला पैशाइतकीच ह्या प्रेक्षकाची गरज असते.

आणि ही गोष्ट पुण्यात सांगावी लागते ह्याचं मला वाईट वाटतं. सतीश बहादूर सरांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आग्र्याला अर्थशास्त्र शिकवत होते, तिथे फिल्म सोसायटी चालवत होते. मग इथल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट रसास्वाद शिकवायला आले. सिनेमा बघणं ही शिकायची गोष्ट आहे, हे ह्या गावात त्यांनी आणि संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी रुजवलं. इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय मिळून उन्हाळ्यात रसास्वादाचं शिबिर घेऊ लागले, त्याला देशभरातून माणसं यायची. कर्नाटकात हेग्गोडू नावाच्या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासमनं तेच काम गावकऱ्यांसाठी केलं. सुपारीच्या बागांमधलं गाव ते! तिथे होतं, तर आपल्याकडे का नाही?

म्हणून माझी सूचना: तीनातली एक कार्यशाळा बघण्याची करा. 'पथेर पांचाली' पूर्ण दाखवण्याऐवजी त्या कार्यशाळेत घ्या. बहादूर सर हाच सिनेमा घेऊन शॉट-शॉटनं शिकवायचे. मिठाईवाला येतो तो प्रसंग घ्या. पोरांकडे पैसे नाहीत. मिठाईवाला कावड घेऊन पुढे चालू लागतो, त्याच्यामागे दुर्गा, तिच्यामागे अपू, त्याच्यामागे कुत्रा. तळ्याच्या पाण्यात त्यांची प्रतिबिंबं दिसतात. एवढंच. हा तुकडा तीनदा दाखवा. पहिल्यांदा आवाज बंद करून. दुसऱ्यांदा चित्र बंद करून नुसता आवाज. तिसऱ्यांदा दोन्ही. आणि दर वेळी एकच प्रश्न विचारा: काय दिसलं? काय वाटलं ते नंतर. कुणी म्हणेल, मिरवणूक. कुणी म्हणेल, कुत्र्याला आणि पोरांना एकच आशा आहे. मग कुणाच्या तरी लक्षात येईल की मिठाईवाला चाललाय ज्यांच्याकडे पैसे आहेत त्या शेजाऱ्यांच्या घरी. गरिबी हा शब्द न उच्चारता राय यांनी गावाची सगळी उतरंड त्या एका ओळीत उभी केलीय. हे ज्यानं एकदा स्वतः शोधलं, त्याला पटकथेच्या कार्यशाळेत निम्मं कमी शिकवावं लागेल.

आता राहिला हिशेब. मी नुसती तक्रार करून जाणार नाही, आकडे घेऊन आलोय.

आठऐवजी पाच सिनेमे घ्या. 'पथेर पांचाली' कार्यशाळेत गेला. 'राशोमोन' आणि 'स्थळ' पुढच्या हंगामात घ्या. 'स्थळ' गाळायचा म्हणून नव्हे. जयंत सोमलकरांचा तो सिनेमा पुढच्या हंगामाची सुरुवात म्हणून शोभेल, मुलगी बघण्याच्या कार्यक्रमावर तिथे बोलायला तर अख्खी रात्र पुरणार नाही. उरले पाच. चार सिनेमांना तीन-तीन तास, म्हणजे बारा. 'जय भीम कॉमरेड'ला चार. सोळा. तुमच्या सतरा तासांपेक्षा एक तास कमीच. वाचलेल्या भाड्यात चहा द्या. चहा असला की माणसं थांबतात, हा अनुभवाचा सिद्धांत आहे. (हशा)

क्रमही बदला. 'बायसिकल थीव्ज' आणि 'फँड्री' लागोपाठच्या शनिवारी ठेवा. 1948 चं रोम आणि आपल्याकडचं एक गाव. दोन्हीकडे बापाचा अपमान चारचौघांत होतो आणि मुलगा तो बघतो. रोममध्ये सायकल चोरीला गेलेला बाप शेवटी स्वतः सायकल चोरायला जातो, पकडला जातो, लोक त्याला मारतात. ब्रूनो ते सगळं बघतो. मग दोघे चालू लागतात आणि मुलगा बापाचा हात धरतो, गर्दीत दिसेनासे होतात. 'फँड्री'त मात्र जब्या लपतो. त्याला त्या कामाचीच लाज वाटते, शाळेतली मुलं बघतील म्हणून. बाप त्याला मारतो. हात धरणं नाही, शेवटी दगड आहे. असं का? मला वाटतं, डी सिकाच्या गर्दीत बाप-लेक मिसळून जाऊ शकतात. उद्या त्या गर्दीत त्यांना कुणी ओळखणार नाही. जब्याच्या गावात असं मिसळून जाता येत नाही, तिथे तो कोण आहे हे सगळ्यांना जन्मापासून माहीत आहे. गरिबी आणि जात ह्यांतला फरक ह्या दोन शेवटांमध्ये आहे. हे माझं म्हणणं झालं. तुम्ही दोन्ही पाहून मला खोडून काढा, त्यासाठीच तर थांबायचं.

तसेच 'जय भीम कॉमरेड' आधी आणि 'कोर्ट' नंतर. आनंद पटवर्धनांचा सिनेमा सुरू होतो 11 जुलै 1997 च्या रमाबाई नगरातल्या गोळीबारापासून. दहा माणसं गेली. त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. पटवर्धन त्यांना ओळखत होते. त्यांच्या 'हमारा शहर'मध्ये घोगरे गायले होते. त्यानंतर चौदा वर्षं कॅमेरा शाहिरांच्या मागे फिरला, आपल्या पुण्याच्या कबीर कला मंचापर्यंत पोचला. 2011 साली सिनेमा पुरा झाला आणि मुंबईतल्या वस्त्यांमध्ये, ज्यांचा तो होता त्यांच्यापुढे दाखवला गेला. त्यात कॅमेरा गाणाऱ्याच्या अगदी जवळ असतो.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये, 2014 साली, पुन्हा एक शाहीर आहे, नारायण कांबळे, काल्पनिक. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं आत्महत्या केली असा आरोप. इथे कॅमेरा लांब उभा, हलत नाही, खटला चालतो तसा आपणही बसून राहतो. दोन्ही सिनेमे लागोपाठ पाहिले तर प्रश्न पडतो: अन्याय दाखवताना कॅमेऱ्यानं किती जवळ जायचं? जवळ गेलं की आपण हळहळतो. लांब राहिलं की आपल्याला आपलं बसून राहणं दिसू लागतं. एकटा 'कोर्ट' दाखवलात तर लोक म्हणतील, जरा संथ आहे. आदल्या शनिवारी 'जय भीम कॉमरेड' पाहिलेला माणूस असं म्हणणार नाही. कांबळे गाऊ लागला की त्याला त्या चौदा वर्षांतली सगळी गाणी ऐकू येतील.

आणि 'कोर्ट'चा शेवट आठवा. उन्हाळ्याची सुट्टी लागते. कर्मचारी एकेक दिवा बंद करतो, दालनात काळोख होतो. सिनेमा इथे संपला असं वाटतं. संपत नाही. पुढे न्यायाधीश सहलीला गेलेले, बाकावर बसल्या-बसल्या डुलकी लागलीय. पोरं जवळ येऊन ओरडतात, ते दचकून उठतात, एकाला थप्पड मारतात, आणि परत डोळे मिटतात.

दिवे बंद झाल्यावर काय होतं, हे ताम्हाणे दाखवतात. आपला प्रश्न दिवे लागल्यावर काय होतं हा आहे. साडेआठला दिवे लागले आणि आपण घरी जाऊन झोपलो, तर आपणही त्या बाकावरचेच.

शेवटचं, 'साबर बोंडं'. वडील गेल्यावर दहा दिवस गावात राहायला आलेला मुलगा आणि त्याचा लहानपणचा मित्र. ह्या सिनेमाच्या वेळी दिग्दर्शकाला बोलवायचा तुमचा विचार आहे असं कळलं. जरूर बोलवा. फक्त एक करा. पहिला अर्धा तास त्यांना बाहेर चहा द्या आणि आपण आत बोलू. दिग्दर्शक समोर असला की आपण विचारतो, "सर, ही कल्पना कशी सुचली?" आणि मग फोटो. त्यांनी एकदा अर्थ सांगितला की आपला अर्थ काढायचं राहूनच जातं. आधी आपलं आपण भांडून घेऊ, मग त्यांना आत बोलवू आणि काय ठरलं, काय ठरलं नाही ते सांगू. कुठल्याही दिग्दर्शकाला कौतुकापेक्षा हे जास्त दिवस लक्षात राहील.

पत्रिका अजून छापायला गेली नाही असं मला सांगितलंय. म्हणजे तळाची ती ओळ अजून बदलता येईल. "6.30 ते 9.30, चर्चा इथेच." एवढंच लिहायचंय.

समितीचं काय मत आहे ते मला माहीत नाही. पण आत्ता आठ वाजायला दहा मिनिटं आहेत, आणि हे सभागृह आपल्याकडे साडेआठपर्यंत आहे. मी थांबतो. आता तुम्ही बोला. आणि माझ्या बोलण्यात जे कळलं नाही, ते कृपा करून आधी सांगा.